मारामारी राहिली, जखम गेली

सुपरहिरोंच्या गोष्टी वाचत लहानाची मोठी झालेली कोट्यवधी मुलं जगात आहेत. मग त्यांतल्या एकालाही खरोखर मुखवटा चढवून रस्त्यावर उतरावंसं का वाटत नाही? न्यूयॉर्कमधला डेव्ह लिझेव्स्की हा चारचौघांसारखा शाळकरी मुलगा आपल्या मित्रांना हा प्रश्न विचारतो आणि २०१० सालच्या 'किक-ॲस' या चित्रपटाला तोंड फुटतं. मित्रांचं उत्तर सरळ असतं. असं कुणी केलं तर बेदम मार खाईल आणि एका दिवसात मरेल. डेव्हला हे पटत नाही. तो इंटरनेटवरून हिरव्या रंगाचा पाणबुड्यांचा पोशाख मागवतो, हातात दोन दांडके घेतो आणि स्वतःच स्वतःचं 'किक-ॲस' असं बारसं करून गुंडांना अडवायला निघतो. त्याच्या अंगात कसलीही अद्भुत शक्ती नाही, गाठीशी पैसा नाही, शिक्षण देणारा गुरू नाही.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, या चित्रपटाचा दुसरा भाग आला. डेव्ह तोच, त्याची लहानगी साथीदार मिंडी तीच, खलनायकाचा मुलगाही तोच. शिवाय जिम कॅरीसारखा मोठा नट नव्याने आला होता. तरीही 'किक-ॲस २' बघून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांच्या मनात निराशाच होती. प्रेक्षक घटले, समीक्षकांनी झोडपलं आणि तिसरा भाग निघालाच नाही. दुसरे भाग फसतात हे काही नवं नाही. पण हा भाग ज्या कारणाने फसला ते कारण समजून घेण्याजोगं आहे. पडद्यावरची हिंसा कधी अर्थपूर्ण ठरते आणि कधी नुसती किळसवाणी उरते, हे या दोन चित्रपटांच्या तुलनेतून जितकं स्वच्छ दिसतं, तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

पैसा द्यायला कुणी तयार नव्हतं

मूळ कथा स्कॉटलंडचा लेखक मार्क मिलर आणि अमेरिकी चित्रकार जॉन रोमिटा ज्युनिअर यांच्या कॉमिकची. मार्व्हल कंपनीच्या 'आयकॉन' या शाखेतून २००८ पासून त्याचे आठ अंक निघाले. गंमत म्हणजे कॉमिक पुरं व्हायच्या आधीच चित्रपटाचं काम सुरू झालं होतं. दिग्दर्शक मॅथ्यू व्हॉन आणि सहलेखिका जेन गोल्डमन पटकथा लिहीत होते, त्याच सुमारास मिलर अंक लिहीत होता. त्यामुळे दोन्हींच्या वाटा मध्येच वेगळ्या झाल्या.

व्हॉन हा ब्रिटिश. गाय रिचीच्या सुरुवातीच्या चित्रपटांचा निर्माता म्हणून त्याचं नाव झालं आणि 'लेयर केक' (२००४) व 'स्टारडस्ट' (२००७) हे चित्रपट दिग्दर्शित करून त्याने स्वतःला सिद्ध केलं होतं. तरीही 'किक-ॲस' घेऊन तो हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंकडे गेला तेव्हा एकही दार उघडलं नाही. त्यांना अडचण होती ती मिंडीची. अकरा वर्षांची मुलगी शिव्या देते आणि माणसं कापून काढते, हे त्यांच्या पचनी पडेना. तिचं वय वाढवा, असा आग्रह होता. व्हॉनने तो मानला नाही. त्याने बाहेरून पैसा उभा केला, साधारण ३ कोटी डॉलरमध्ये चित्रपट पुरा केला आणि मग तो वितरकांना विकला. जगभरातून त्याला साडेनऊ कोटी डॉलरहून जास्त गल्ला मिळाला.

ही हकिगत सांगायचं कारण एवढंच की पहिल्या भागातली हिंसा ही बाजाराची मागणी म्हणून आलेली नव्हती. बाजार तिला नकोच म्हणत होता. आपण काय दाखवतो आहोत आणि ते का दाखवतो आहोत, याचा विचार दिग्दर्शकाला करावाच लागला होता, कारण प्रत्येक दारात त्याला तो प्रश्न विचारला गेला होता.

पोटातला सुरा

डेव्हची पहिली कामगिरी आठवा. गाड्यांच्या तळावर दोन गुंड एक गाडी फोडत असतात. डेव्ह त्यांना हटकतो. सुपरहिरोच्या चित्रपटांची सवय असलेला प्रेक्षक आता हाणामारीची वाट बघतो. ती होतेही, पण काही क्षणांतच एक गुंड डेव्हच्या पोटात सुरा खुपसतो. हिरवा पोशाख रक्ताने काळा पडतो. डेव्ह पोट धरून, झोकांड्या खात रस्त्यावर येतो आणि भरधाव मोटार त्याला उडवून निघून जाते.

चित्रपटगृहात इथपर्यंत हशा असतो आणि मग तो थांबतो. पोराला रुग्णवाहिकेत घालतात तेव्हा तो गयावया करतो की हा पोशाख कुणाला सांगू नका. पुढे हाडांवर धातूच्या पट्ट्या बसतात, मज्जातंतूंना इजा होते आणि त्यामुळे वेदना कमी जाणवू लागतात. डेव्हला मिळालेली एकमेव 'शक्ती' ही अशी आहे. ती जखमेतून आली आहे. एक्स-रेतला आपला धातूने सांधलेला सांगाडा बघून तो हरखतो, कारण त्याच्या आवडत्या कॉमिकमधला वीर असाच असतो. बापाच्या चेहऱ्यावर मात्र चिंता असते. एका प्रसंगात हसू आणि भय अशी दोन्ही टोकं एकत्र नांदतात, ती अशी.

दुसऱ्या खेपेला तो तिघांच्या तावडीत सापडलेल्या एका माणसाला वाचवतो. जिंकतो म्हणावं असं काही घडत नाही. तो मार खातो, पडतो, पुन्हा उठतो आणि हटत नाही. बघ्यांतला कुणीतरी मोबाईलवर चित्रण करतो, ते यूट्यूबवर जातं आणि किक-ॲस रातोरात प्रसिद्ध होतो. २०१० साली ही गोष्ट ताजी होती. डेव्हचं धाडस लोकांना भावतं ते त्याच्या ताकदीमुळे नव्हे. इतके जण नुसते बघत उभे असताना एकटा मध्ये पडला, एवढ्याचसाठी ते भावतं.

बाप, लेक आणि बंदूक

या चित्रपटाचा आत्मा मात्र डेव्ह नाही. तो आहे डेमन मॅक्रेडी आणि त्याची मुलगी मिंडी, म्हणजेच बिग डॅडी आणि हिट-गर्ल. डेमन हा पूर्वाश्रमीचा पोलीस. फ्रँक डिॲमिको या माफियाने त्याला खोट्या गुन्ह्यात अडकवलं, तो तुरुंगात असताना त्याच्या गरोदर बायकोने आत्महत्या केली, बाळ वाचलं. सुटून आल्यावर त्याने त्या बाळाला सूडाचं हत्यार म्हणून वाढवलं.

आपल्याला ही दोघं पहिल्यांदा भेटतात तो प्रसंग असा. एका ओसाड, काँक्रीटच्या जागेत थंडीच्या कपड्यांतली चिमुरडी उभी आहे. समोर बाप पिस्तूल रोखून. तो तिला शांतपणे समजावतो, की छातीवर ठोसा बसावा तितकंच लागेल. तो गोळी झाडतो. मुलगी मागे फेकली जाते. तिच्या अंगात गोळीरोधक जाकीट आहे हे खरं, पण आपल्या काळजाचा ठोका चुकायचा तो चुकतोच. बाप तिला उठवतो, कौतुक करतो. आणखी दोन गोळ्या खायच्या म्हटल्यावर ती घासाघीस करते, की मग नंतर बोलिंग खेळायला न्यायचं आणि आइस्क्रीम द्यायचं. पुढे वाढदिवसाला काय हवं असं विचारल्यावर ती कुत्र्याचं पिल्लू मागते. बापाचा चेहरा पडतो. मग ती हसत सुटते आणि हवा असलेला चाकू कुठला, ते सांगते.

निकोलस केजने हा बाप फार विचारपूर्वक उभा केला आहे. घरात तो अतिशय मृदू, लेकीला लाडाने हाक मारणारा. मुखवटा चढवला की तो १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या ॲडम वेस्टच्या बॅटमनसारखं तुटक-तुटक बोलू लागतो. केज स्वतः कॉमिकवेडा म्हणून ओळखला जातो आणि त्याने ही नक्कल जाणून केली होती. मिंडी साकारणारी क्लोई ग्रेस मोरेट्झ तेव्हा खरोखरच अकरा-बारा वर्षांची होती. तिच्या तोंडच्या शिव्यांवरून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मोठं वादळ उठलं. रॉजर एबर्टसारख्या ज्येष्ठ समीक्षकाने तर चित्रपटाला एकच तारा दिला आणि तो नैतिकदृष्ट्या निंद्य ठरवला. एबर्टचं मत मला पटत नाही, पण त्याची अस्वस्थता खरी होती आणि ती आदराने घ्यायला हवी. माझ्या मते ती अस्वस्थता चित्रपटाच्या आतच आहे. डेमनचा जुना सहकारी मार्कस त्याच्या तोंडावर सांगतो की या पोरीचं बालपण तू हिरावून घेतलंस. या आरोपाला डेमनकडे पटण्याजोगं उत्तर नसतं.

आणि मग किंमत चुकवायची वेळ येते. डेव्ह आणि डेमन पकडले जातात, गुंड त्यांना थेट प्रक्षेपणात छळतात. वृत्तवाहिनी प्रक्षेपण थांबवते तेव्हा लोक इंटरनेटवर जाऊन बघत राहतात. डेमनला पेटवून देतात. अंधारात शिरलेली मिंडी एकेकाला टिपत असते आणि जळणारा बाप ओरडून तिला पुढची चाल सांगत असतो. त्याने तिला जे शिकवलं त्याची शेवटची परीक्षा तो मरता मरता घेतो. या प्रसंगाने लढाईचा थरार जितका येतो तितकंच पोटात तुटतंही.

शेवटची पंधरा मिनिटं

इथे पहिल्या भागाचा एक दोष मान्य केला पाहिजे, कारण दुसऱ्या भागाचं मूळ तिथेच आहे. शेवटाकडे येता येता व्हॉनचा संयम सुटतो. सुरा लागून मरता मरता वाचलेला डेव्ह पाठीवर उडणारं यंत्र बांधून, दोन्ही बाजूंना गोळ्या ओकणाऱ्या बंदुका लावून इमारतीच्या खिडकीशी प्रकटतो. खलनायकाला तो तोफगोळ्याने आकाशात उडवतो. टाळ्या पडतात. पण ज्या प्रश्नापासून चित्रपट सुरू झाला होता तो प्रश्न तिथे मागे पडतो. साध्या माणसाने मुखवटा चढवला तर काय होईल, याचं उत्तर आता 'तोही सुपरहिरो होईल' असं मिळतं. मिलरच्या कॉमिकचा शेवट याहून कडवट आहे. तिथे डेमन कधी पोलीस नव्हताच, आयुष्याला कंटाळलेला एक हिशेबनीस होता, आणि सूडाची सगळी कहाणी त्याने रचलेली होती. डेव्हची आवडती मुलगीही त्याला झिडकारते.

चित्रपटाने ही कटुता गाळली. पहिल्या दीड तासाची पुण्याई इतकी होती की प्रेक्षकाने तो शेवट पदरात घेतला. मात्र दुसऱ्या भागाने वारसा घेतला तो नेमका या शेवटच्या पंधरा मिनिटांचा. सुऱ्याने झालेली जखम त्याने मागेच सोडून दिली.

दिग्दर्शक बदलला

मधल्या काळात व्हॉन 'एक्स-मेन: फर्स्ट क्लास' (२०११) करून आला होता. 'किक-ॲस २' चा तो फक्त निर्माता राहिला. लेखन आणि दिग्दर्शन जेफ वॅडलोकडे गेलं. मिलरच्या 'किक-ॲस २' आणि 'हिट-गर्ल' या दोन कॉमिकमालिका एकत्र करून त्याने पटकथा बांधली. खर्च पहिल्याइतकाच, सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर. जेन गोल्डमन नव्हती. तिची उणीव मला सर्वांत जास्त जाणवते, कारण पहिल्या भागात मिंडी आणि तिच्या बापामधला जिव्हाळा ज्या नेमकेपणाने लिहिला गेला होता, तो नेमकेपणा दुसऱ्यात कुठेच नाही.

दुसरा भाग सुरू होतो तो त्याच बंदुकीच्या प्रसंगाने. आता पिस्तूल मिंडीच्या हातात आहे आणि समोर गोळीरोधक जाकीट घातलेला डेव्ह. ती गोळी झाडते, तो आडवा होतो, आपण ओळखीचं हसतो. पहिल्या वेळी त्या गोळीत बापाचं वेड होतं, मुलीचा विश्वास होता आणि बघणाऱ्याची भीती होती. इथे फक्त जुन्या प्रसंगाची आठवण आहे. पुढच्या पावणेदोन तासांत हेच वारंवार होतं. पहिल्या भागात जे जे गाजलं, ते ते पुन्हा हजर केलं जातं, पण ते ज्यामुळे गाजलं ते कारण सोबत येत नाही.

चांगलं बी होतं

असं म्हणताना दुसऱ्या भागावर अन्याय व्हायला नको. त्याच्याकडे दोन उत्तम कल्पना होत्या.

पहिली कल्पना म्हणजे 'जस्टिस फॉरएव्हर' हा हौशी वीरांचा गट. डेव्हचं बघून शहरात ठिकठिकाणी माणसं मुखवटे चढवू लागतात आणि एकत्र येतात. त्यांचा म्होरक्या कर्नल स्टार्स अँड स्ट्राइप्स हा पूर्वीचा माफियाचा गुंड. आता तो धर्माकडे वळला आहे आणि गटातल्या कुणी शिवी दिलेली त्याला खपत नाही. एक मध्यमवयीन जोडपं आहे. त्यांनी आपला मुलगा टॉमी गमावला आहे आणि त्यांनी घेतलेलं नाव आहे 'रिमेंबरिंग टॉमी'. इन्सेक्ट मॅन नावाचा तरुण समलिंगी आहे. तो मुखवटा घालत नाही, कारण आयुष्यभर स्वतःला लपवून जगल्यानंतर पुन्हा तोंड झाकणं त्याला नको वाटतं.

या तीन-चार माणसांत एका वेगळ्या चित्रपटाचं सामर्थ्य होतं. माणसं मुखवटा का घालतात? कुणी दुःख सहन व्हावं म्हणून, कुणी जुन्या पापाचं परिमार्जन म्हणून, कुणी आयुष्यात पहिल्यांदा आपली म्हणावी अशी माणसं मिळाली म्हणून. टॉमीचे आईवडील तर अक्षरशः मुलाच्या नावाने जगतात. पण चित्रपट त्यांना ओळख करून देण्यापुरता वेळ देतो आणि पुढे पळतो. कॅरीचा कर्नल त्यातल्या त्यात लक्षात राहतो. ओळखू न येण्याइतका चेहरा बदलून कॅरीने त्याला एक कोंडलेला, धाकाचा स्वर दिला आहे. पण तोही मोजक्याच प्रसंगांत येतो आणि मारला जातो. गट स्थापन झाल्याचा आनंद पुरता लाभायच्या आत गट मोडतो, त्यामुळे मोडल्याचं दुःखही होत नाही.

दुसरी कल्पना होती मिंडीची. बाप गेला, आता ती पालक मार्कसच्या घरी राहते आणि मुखवटा कायमचा उतरवण्याचं वचन त्याला देते. ती शाळेत जाते. हत्यारं चालवण्याखेरीज काही न शिकलेली मुलगी पंधराव्या वर्षी वर्गातल्या मुलींमध्ये कशी वावरेल? तिच्यासाठी खरं रणांगण शाळेचं उपाहारगृह आहे. मोरेट्झ या भागात अप्रतिम आहे. या मुलींनी फसवून जंगलात एकटं सोडून दिल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते बंदुकीच्या गोळीनेही कधी दिसलं नव्हतं. तिथे चित्रपट क्षणभर पुन्हा जिवंत होतो, कारण तिथे पुन्हा कुणालातरी खरोखर लागलं आहे. आणि मग त्याचा शेवट काय? मिंडी एका यंत्राने त्या मुलींना भर उपाहारगृहात उलट्या आणि जुलाब करायला लावते. वेदनेचं उत्तर म्हणून चित्रपटाला एवढंच सुचतं.

मरण स्वस्त होतं तेव्हा

खलनायक ख्रिस डिॲमिको हा मारल्या गेलेल्या माफियाचा मुलगा. डेव्हवर सूड घ्यायला तो स्वतः महाखलनायक होतो आणि एक अशी शिवी नाव म्हणून धारण करतो, जी इथे छापण्याजोगी नाही. पैशाच्या जोरावर तो भाडोत्री मारेकऱ्यांची फौज जमवतो. तिच्यात मदर रशिया ही धिप्पाड बाई असते, शरीरसौष्ठवपटू ओल्गा कुरकुलिनाने रंगवलेली. हिच्या एका प्रसंगात दहा पोलीस मारले जातात, त्यातले काही गवत कापायच्या यंत्राने. सारं चटपटीत संकलनात, गमतीची कसरत म्हणून. त्या दहांपैकी एकाही पोलिसाला नाव नाही, चेहरा नाही, घर नाही.

त्याच्या अगोदरचा प्रसंग याहून वाईट आहे. ख्रिस 'जस्टिस फॉरएव्हर' गटातल्या एका तरुणीच्या घरात घुसून तिच्यावर बलात्कार करू पाहतो आणि त्याला ते जमत नाही, यावर चित्रपट विनोद करतो. मूळ कॉमिकमधला तो भाग फारच भीषण होता आणि तो तसाच घेऊ नये हा वॅडलोचा निर्णय बरोबर होता. पण भीषण गोष्ट सौम्य करणं आणि ती हसण्यावारी नेणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हल्ला झालेल्या बाईच्या बाजूने कॅमेरा तिथे उभाच राहत नाही. हसू येत नाही आणि रागही येऊ दिला जात नाही.

सगळ्यांत मोठी संधी दवडली गेली ती डेव्हच्या वडिलांच्या मृत्यूत. मुलगाच किक-ॲस आहे हे कळल्यावर ते त्याच्या बदल्यात स्वतः गुन्हा अंगावर घेतात. कोठडीतच त्यांचा खून होतो. पहिल्या भागात एका बापाने मुलीला सूडात ओढलं होतं. दुसऱ्या भागात एक बाप मुलाला वाचवण्यासाठी जीव देतो. दोन्ही भागांना जोडणारा धागा इथे हाताशी आला होता. हौसेपायी मुखवटा घालणाऱ्या मुलाला त्याची खरी किंमत इथे कळायला हवी होती. पण अंत्यविधीवरच मारेकरी चाल करून येतात, डेव्हला गाडीत कोंबतात, मिंडी धावत्या गाडीवर चढून लढते आणि प्रेक्षक बापाला विसरतो. शेवटी ख्रिस शार्कच्या टाकीत पडतो आणि नामावली संपल्यावर कळतं की तोही मेलेला नाही. ज्या चित्रपटात बापाच्या मरणाला पाच मिनिटं मिळत नाहीत आणि खलनायकाचं मरणही टिकत नाही, तिथे कुठल्याच ठोशाला वजन उरत नाही.

कॅरीची माघार

प्रदर्शनाला दोन महिने असताना, जून २०१३ मध्ये, जिम कॅरीने ट्विटरवर जाहीर केलं की या चित्रपटातल्या हिंसेला आपण सदसद्विवेकाने पाठिंबा देऊ शकत नाही. चित्रीकरण २०१२ च्या शरद ऋतूत झालं होतं. त्यानंतर १४ डिसेंबर २०१२ ला कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी सँडी हूक प्राथमिक शाळेत एका तरुणाने गोळीबार केला. २० लहान मुलं आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले. त्या घटनेने कॅरीचं मन बदललं होतं. सहकलाकारांची क्षमा मागून त्याने प्रसिद्धीच्या कामातून अंग काढून घेतलं.

मिलरने त्याला जाहीर उत्तर दिलं. पटकथेत जे होतं तेच पडद्यावर आहे, शिवाय कॅरीचं पात्र तर गोळी झाडायला नकार देणारं आहे, आणि आपल्या कथेत हिंसेइतकेच तिचे परिणामही दिसतात, असा त्याचा मुद्दा होता. पहिल्या चित्रपटाबद्दल हा बचाव मी मनापासून मान्य करेन. दुसऱ्याबद्दल तो लागू पडत नाही, कारण परिणामच तर त्यातून गळाले होते. सँडी हूकच्या आधी चित्रित झालेला हा चित्रपट त्यानंतरच्या अमेरिकेत प्रदर्शित झाला, हे त्याचं दुर्दैव खरं. पण ज्या चित्रपटाने हिंसेचा विचार केला आहे, तो अशा काळातही उभा राहतो. याला मात्र आपल्या बाजूने बोलायला काही नव्हतं.

आकडेही तेच सांगतात. अमेरिकेत पहिल्या भागाने पहिल्या आठवडाअखेरीस जवळपास २ कोटी डॉलर मिळवले होते, दुसऱ्याने सव्वा कोटीच्या थोडं वर. जगभरची कमाई साडेनऊ कोटींवरून सहा कोटींच्या आसपास आली. लोक सुपरहिरोंना कंटाळले होते म्हणावं तर त्याच्या आदल्याच वर्षी 'द ॲव्हेंजर्स'ने दीडशे कोटी डॉलर कमावले होते. रक्तरंजित विनोदाला कंटाळले होते म्हणावं तर २०१६ मध्ये 'डेडपूल' आणि २०१९ पासून 'द बॉइज' ही मालिका तुफान चालली. प्रेक्षक त्या वाटेवर यायला तयारच होता.

मुखवट्यातली खरी माणसं

डेव्हचा प्रश्न निव्वळ कल्पनेतला नाही. मुखवटा घालून रस्त्यावर उतरलेली माणसं खरोखर होऊन गेली आहेत. मेक्सिको सिटीत १९८५ च्या भूकंपाने हजारो कुटुंबं बेघर झाली. भाडेकरूंना घराबाहेर काढणाऱ्या मालकांविरुद्ध जी चळवळ उभी राहिली, तिच्यातून १९८७ मध्ये 'सुपरबार्रिओ' पुढे आला. तिथल्या मुखवटाधारी मल्लांसारखा लाल-पिवळा वेष करून तो मोर्चांत आणि सरकारी कचेऱ्यांत जाई. त्याने कुणाला ठोसा मारला नाही. गरिबांच्या बाजूने कुणीतरी न घाबरता उभं आहे, एवढं त्या मुखवट्याने दाखवून दिलं.

अमेरिकेतल्या सिॲटलचा फीनिक्स जोन्स हा डेव्हच्या अधिक जवळचा. काळा-सोनेरी चिलखती पोशाख घालून तो रात्रीची गस्त घाली. जानेवारी २०११ मध्ये एका भांडणात पडून त्याने नाक मोडून घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, भांडण सोडवायला म्हणून त्याने लोकांवर तिखटाचा फवारा मारला आणि पोलिसांनी त्याला अटक केली. खटला भरला गेला नाही, पण कोर्टात त्याला मुखवटा उतरवावा लागला. पोलिसांचं म्हणणं साधं होतं: गुन्हा दिसला तर आम्हाला फोन करा. पहिल्या 'किक-ॲस'ला या माणसांचं मर्म कळलं होतं. त्यांच्या धाडसात वेडेपणा आहे, त्यांच्या वेडेपणात माणुसकी आहे आणि दोन्हींचा हिशेब शेवटी शरीराला चुकवावा लागतो.

मुंबईच्या गल्लीत

हा हिशेब दोन हिंदी चित्रपटांनी ओळखला आणि दोन्ही मुंबईत घडतात. विक्रमादित्य मोटवानेचा 'भावेश जोशी सुपरहीरो' (२०१८) तर 'किक-ॲस'चा सख्खा नातेवाईक. डोक्यावर कागदी पिशव्या चढवून नागरिकांना शिस्त लावणारे तरुण पाणी चोरणाऱ्या टँकरमाफियाच्या वाटेत येतात. भावेश मारला जातो आणि तिथून पुढचा सगळा चित्रपट त्या मरणाचं ओझं वाहतो. तिकीटबारीवर तो आपटला, पण एका मित्राच्या जाण्याने दुसरा कसा बदलतो, हे त्याने सोडलं नाही.

वासन बालाचा 'मर्द को दर्द नहीं होता' २०१८ च्या टोरांटो महोत्सवात मिडनाइट मॅडनेस विभागाचा प्रेक्षक पुरस्कार घेऊन आला. त्याचा नायक सूर्या याला जन्मतःच वेदना जाणवत नाहीत. डेव्हचे मज्जातंतू अपघाताने बधिर झाले, याचे उपजतच. पण बाला हे वरदान म्हणून दाखवत नाही. महेश मांजरेकरांनी रंगवलेले आजोबा नातवाला जगायला शिकवतात. डोळ्याला इजा झाली तर कळणार नाही म्हणून गॉगल, पाणी प्यायचं भान राहावं म्हणून पाठीला पाण्याची पिशवी, आणि मार लागला की 'आउच' म्हणायची सवय. वेदना होत नाही म्हणजे केवढा धोका आहे, हे त्या म्हाताऱ्याला कळतं. चित्रपटाचा सगळा विनोद त्या काळजीतून फुलतो.

मांजरेकरांच्या या आजोबांकडे जे शहाणपण आहे, तेच 'किक-ॲस २' कडे नव्हतं. पडद्यावरच्या मारामारीचं मोल रक्ताच्या मापाने ठरत नाही. ते मागे उरणाऱ्याच्या दुःखाने ठरतं. पहिल्या भागात एक सुरा, तीन गोळ्या आणि एक जळता बाप पुरला, कारण प्रत्येक घावामागे कुणाचं तरी कोणीतरी होतं. दुसऱ्यात शंभर घाव झाले आणि माणूस एकही दिसला नाही. यापुढे कुणी या मुखवट्याच्या खेळाला पुन्हा हात घालणार असेल, तर त्याने आधी टॉमीच्या आईवडिलांचं घर लिहावं, त्या दहा पोलिसांची नावं लिहावीत, डेव्हच्या वडिलांच्या जाण्यानंतरची रात्र लिहावी. एवढं लिहून झाल्यावर त्याने खुशाल कितीही मारामारी दाखवावी, प्रेक्षक ती शेवटपर्यंत बघेल.